आधी किल्ली, मग कागद

त्या रविवारी माझे वडील, आबा, गच्चीवर पाण्याची टाकी धूत होते आणि मी खाली मटकीला फोडणी घालत होते. मी शनिवारी पुण्याहून आले होते, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जाणार होते. ओतूरच्या आमच्या घराचा वरचा मजला तेव्हा रिकामा होता. दुपारी एक तरुण जोडपं तो बघायला आलं. आबा ओल्या पायांनीच खाली आले, खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जावा वर. निवांत बसा. शेजार कसाय ते पलीकडच्या साळुबाईला विचारा. आवडलं तर खाली या, चहा घेऊ."

ती दोघं वर गेल्यावर मी म्हणाले, "आबा, नाव तरी विचारायचं."

"सांगतील की. नावं काय पळून जात्यात?"

"आणि किल्ली घेऊन पळाले तर?"

"पळू दे. कुलूप माझ्याकडंच हाय."

जोडप्याला जिना उभा वाटला. चहा पिऊन, किल्ली परत देऊन ते गेले. त्यांचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही आणि आबांना त्याचं काही वाटलंही नाही. मटकीत मीठ कमी आहे असं म्हणत त्यांनी ती दोनदा वाढून घेतली.

सोमवारी मी ग्रंथालयात कामावर होते तेव्हा शेजारच्या साळुबाईंचा फोन आला. आबा ओट्यावर बसल्याबसल्या गेले होते.

घर विकायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. पण पुण्यात राहून ओतूरचं घर भाड्याने द्यायचं कसं? भाडेकरू शोधणं, करार करणं, गळकं छत बघणं, हे सगळं मालकाच्या वतीने करणाऱ्या कंपन्या आता आपल्याकडेही निघाल्या आहेत असं कोणीतरी सांगितलं. ते ऐकून मला दोन महिन्यांत पहिल्यांदाच कशाविषयी तरी कुतूहल वाटलं. घराची काळजी परक्याच्या हाती द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं? मी फोन केला.

मला एकच हवं होतं. घर आबांच्या पद्धतीने दिलं जावं. माणसाने आधी घर बघावं, ते त्याला आवडावं, आपण 'दिलं' म्हणावं, आणि मगच त्याचं आडनाव कागदावर यावं. नोकरी, गाव, घरात माणसं किती, हे सगळं आबा विचारत. आडनाव करार करताना कळे. ही पद्धत का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

कंपनी चालवणारी वृषाली महाळुंगे पडवळ गावची. तिशीतली, स्कूटरवरून आली, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागली. "ताई, लोकेशन एक नंबर आहे. कॉलेज जवळ, स्टँड जवळ. मी तर म्हणते भाडेकरूच नको. मढ गावाकडं घाटात पावसाळ्यात धबधबे बघायला किती गर्दी जाते माहितीये? शनिवार-रविवार पाहुण्यांना द्या."

"नको. राहणारी माणसं हवीत."

"बरं. राहणारी तर राहणारी."

तिने खोल्या मोजल्या, सगळे दिवे लावून-विझवून पाहिले, फरशीवर बोटाने टकटक केलं. मी मागे मागे फिरत होते. या घरात मी इतकी वर्षं आले-गेले, पण कोणती फरशी पोकळ वाजते ते मला माहीत नव्हतं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. मालक लोक काय काय मागतात, हे विचारल्यावर तर ती ओट्यावरच बसली.

"अहो, काय सांगू! एक काका मुंबईला असतात. त्यांना दर शनिवारी तुळशीचा फोटो लागतो. भाडेकरूचं काय का होईना, तुळस हिरवी पाहिजे. दुसऱ्यांचं शेतात घर आहे, त्यांना रोज कॅमेऱ्यात बिबट्या दिसला का ते कळवायचं. दिसला नाही तर नाराज होतात. मी म्हटलं, दादा, बिबट्याकडून आपण भाडं घेत नाही, तो काय रोज येईल?"

मी हसले. घरात हसण्याचा आवाज मला अनोळखी वाटला.

पुढच्या खोलीत ती फोटो काढायला लागली. भिंतीवर बुद्धांची एक आणि बाबासाहेबांची एक तसबीर होती, खाली आबा-आईचा फोटो. वृषाली जरा थांबली. "हे उतरवूया का? तसं सगळीकडंच करतो आम्ही. लोकांचे देव्हारे पण झाकतो फोटोपुरते."

"मी उतरवते," मी म्हणाले. तसबिरी काढून, पुसून मी आतल्या पलंगावर ठेवल्या. भिंतीवर तीन फिकट चौकोन राहिले. तिने त्या भिंतीचा फोटो काढला नाही.

मग मोबाइलवर प्रश्न सुरू झाले. फॅमिली की बॅचलर? दोन्ही. शाकाहारीच का? नाही. "आणि समाज?" ती स्क्रीनवरच बघत होती. "म्हणजे आम्ही विचारत नाही हां ताई. मालकच सांगतात, अमुक चालेल, तमुक नको. मग उगाच घर दाखवून नंतर वाईटपणा नको, म्हणून फोनवरच पूर्ण नाव घेतो."

मी तिला आबांची पद्धत सांगितली. आधी किल्ली, मग कागद.

तिने कपाळावर हात मारला. "आमच्यात उलटं असतं! आधार, पोलिसांत नोंद, करार, मग किल्ली. माणूस आत बसल्यावर बाहेर काढणार कोण?"

"राहायला येण्याआधी सगळे कागद करा की. पण घर दाखवताना आडनाव नको. आणि दिलं म्हटल्यावर नाव ऐकून फिरायचं नाही."

"का पण?"

"वडिलांची पद्धत होती."

"ताई, तुम्ही म्हणता म्हणून मी लिहीन. पण फोन ऑफिसातली माझी पोरं घेतात. ज्या नियमाचं कारण माहीत नाही, तो पोरं आठ दिवसांत मोडतात. मी तरी काय सांगू त्यांना?"

तिचं म्हणणं खरं होतं. मला वाटलं होतं, करारात एक ओळ घातली की झालं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. पलीकडे एक पुरुष होता. इथेच दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागलीय, बायको आणि लहान मुलगी आहे, ओतुरात घर आहे का?

"आहे ना. नाव काय आपलं?"

"समाधान."

"पूर्ण नाव, भाऊ?"

पलीकडे मोटारसायकल गेल्याचा आवाज आला. एक लहान मुलगी काहीतरी मागत होती.

"हॅलो? पूर्ण नाव सांगा ना, नोंद करायचीय."

"मॅडम," तो म्हणाला, "आधी घर बघायला येऊ का?"

"करते मी परत फोन," वृषालीने फोन ठेवला. "बघितलं ताई? नाव सांगत नाहीत. असा माणूस म्हणजे काहीतरी गडबड असतेच."

"त्यांना बोलवा."

"अहो, पण नाव..."

"बोलवा त्यांना. आणि तुमच्या पोरांना काय सांगायचं ते मी सांगते."

ती मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीला टेकले. आवाज नीट यावा म्हणून आधी पाणी प्यावंसं वाटलं, पण थांबले असते तर बोलले नसते.

"मी तिसरीत होते. आबा एसटीत होते, त्यांची दुसऱ्या डेपोला बदली झाली होती. एक घर बघायला आम्ही तिघं गेलो. मालक बाई फार चांगल्या बोलल्या. मला लाडू दिला. आईने फडताळात डबे कसे लावायचे ते ठरवलं. मी खिडकीत बसून बघितलं, तिथून शाळेचं मैदान दिसत होतं. मग बाईंनी आडनाव विचारलं. आबांनी सांगितलं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अहो, विसरलेच, घर कालच दिलंय."

वृषालीने मान खाली घातली.

"रस्त्यात आबा मला म्हणाले, त्या घरात ऊन येत नव्हतं, म्हणून नको म्हटलं. पुढेही ते तेच सांगायचे. त्या घरात ऊन नव्हतं." माझा आवाज आता नीट येत होता. "त्या खिडकीत ऊन होतं. माझ्या मांडीवर पडलं होतं. आबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मला काही कळलं नाही. मला कळलं होतं, आबा. मला तेव्हाच सगळं कळलं होतं."