लाटांच्या कडेनं

ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या मंजुरीचं घोडं अडलं आणि कॅरोलायनाच्या या बेटावरचा सरकारी किनारा बंद झाला. समुद्राला कुलूप लावता येतं हे हार्लनला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. वाळूत उतरणाऱ्या रस्त्यावर आडवे अडसर उभे राहिले, वर पाटी लागली: सरकार बंद, किनारा बंद. आणि ड्रम मासा काठाशी येतो तो नेमका याच पंधरवड्यात. जीप वाळूत उतरवून गळ टाकायचा हार्लनचा एकही ऑक्टोबर चाळीस वर्षांत चुकला नव्हता.

शेजारची डेल्फीन या किनाऱ्याची रखवालदार. एकोणीस वर्षांची नोकरी, आता बिनपगारी घरी बसवलेली. पहाटे तासभर गळ टाकून आलो तर कुणाचं काय बिघडतं, असं हार्लननं तिला सहज विचारून पाहिलं. नियम तो नियम, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उजाडताना हीच नियमवाली बाई अडसराला वळसा घालून वाळूत उतरताना त्याला खिडकीतून दिसली. हातात बादली, वर ओला टॉवेल झाकलेला.

मग रोज तीच वेळ, तीच बादली. गळ दिसत नव्हता, म्हणजे तो तिकडंच वाळूत पुरून ठेवलेला असणार. परतताना ती लाटांच्या कडेकडेनं यायची, म्हणजे मागं पाऊलसुद्धा उरायला नको. असलं चोरालाच सुचतं. शिवाय अंगणात समोर आली की नजर चुकवायची. आमच्यासाठी कायदा आणि हिच्यासाठी ड्रम? हार्लनचं पित्त खवळलं. सहाव्या सकाळी त्यानं तक्रारीचा नंबर फिरवला. उचलायला माणूस नव्हताच, यंत्रानं बाईच्या आवाजात निरोप ठेवायला सांगितलं. नाव न सांगता त्यानं मनातलं सगळं ओकून टाकलं, आणि न्याहारी चवीनं खाल्ली.

दोन दिवसांनी संध्याकाळी डेल्फीन त्याच्या पायरीशी आली. हातात तीच बादली आणि एक दाताळं. हार्लन सावध झाला.

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. किनाऱ्यावर कासवाचं एक घरटं उरलंय, हंगामातलं शेवटचं. ऑगस्टमधली अंडी, आज-उद्या फुटतील. घरटं आणि पाणी यांच्यामध्ये बंदीआधीच्या जीपगाड्यांच्या खोल चाकोऱ्या आहेत. पिल्लं त्यांत पडली की चढता येत नाही, उन्हानं मरतात. ती रोज थोडी थोडी वाळू सपाट करत होती; दाताळं तिकडंच ठेवलेलं असायचं, ते आज सकाळी घरी आणलं. अडकलेलं पिल्लू सापडलंच तर न्यायला बादली, उन्हापासून झाकायला ओला टॉवेल. पण घरी बसवलेल्या माणसानं फुकटसुद्धा काम करायचं नाही, तो गुन्हा आहे. कुणीतरी तक्रार केली, चौकशी लागली. आता वाळूत पाय टाकला तर नोकरी गेली.

"तुम्ही सरकारी नोकर नाही, मिस्टर हार्लन. सापडलात तर दंडावर भागेल. जाल का?"

ही आपल्याला जोखतेय की काय, अशी शंका त्याला आली.

"तक्रार कुणी केली, ते कळलं?" विचारतानाच त्याला स्वतःची लाज वाटली.

"साहेबांनी निरोप ऐकवला मला. नाव नव्हतं. पण यंत्राला 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणून सुरुवात करणारा माणूस अख्ख्या बेटावर एकच आहे."

कुठं बघावं ते हार्लनला कळेना.

"मग माझ्याकडं कशाला आलीस, पोरी?"

"मी किती वाजता जाते, कधी येते, हातात काय असतं, सगळं बिनचूक सांगितलंत तुम्ही. एवढी नजर ठेवणारा दुसरा कुठून आणू? आणि त्यातल्या दोन चाकोऱ्या तुमच्याच जीपच्या आहेत."

तिनं दाताळं कठड्याला टेकवलं, बादली खाली ठेवली आणि फाटकाशी जाऊन वळली.

"येताना लाटांच्या कडेनं या. सपाट केलेल्या वाळूत पावलं उमटली तर पिल्लं त्यांतही अडकतात."