बत्तीसची गोळी

व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात नर हरण मरून पडलं होतं आणि माझा मेव्हणा ऑरिन त्याच्या शिंगाला आपल्या शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी बांधत होता. गोळ्या दोन सुटल्या होत्या, एक त्याची आणि एक माझी. हरणाला भोक मात्र एकच होतं.

"एवढी घाई कसली?" मी विचारलं.

"माझं हरण आहे, दाजी."

वडील गेल्यावर त्यांची बंदूक घेऊन मी पहिल्यांदाच आलो होतो. दोघांच्याही बंदुका जुन्या, खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या, दिसायला जुळ्या. फक्त त्याची तीसची आणि माझी बत्तीसची, म्हणजे माझी गोळी किंचित जाड. कॅम्पवर कातडं सोलताना ऑरिन माझ्याकडे पाठ करून बसला आणि माझा संशय पक्का झाला.

शेवटी कॅम्पवरच्या म्हाताऱ्या लुसियनने कातडीखालून चपटलेली गोळी काढली आणि ऑरिनकडे त्याच्या काडतुसाची रिकामी पुंगळी मागितली. "गोळीचं बूड हिच्यात शिरलं नाही, तर ती बत्तीसची."

ऑरिन खिसे चाचपत राहिला.

"हरवली म्हणू नकोस," मी म्हणालो.

"हरवली नाही. तुमची दया येतेय."

गोळी पुंगळीत अलगद बसली.

मी शर्ट पँटमधून बाहेर काढला. नेम चुकलेल्याच्या शर्टाचा सोगा कापून कॅम्पच्या भिंतीला ठोकायची आमची रीत आहे. लुसियनने सुरा पुसला.

"जरा बेतानं, लुसियनकाका," ऑरिन म्हणाला. "शर्ट ताईनं दिलाय."