पाण्याचा पंखा

मी बोटीच्या मागच्या फळीला टांगलेलं इंजिन बोलतोय. जरा टेकून ऐका. मला भराभर सांगता येत नाही, आणि जे सांगायचं आहे ते मात्र फार भराभर घडलं.

माझं डोकं वर आणि पाय पाण्यात. डोक्यात सतत आग. ती आवाक्यात राहावी म्हणून पायाशी एक बारीक जाळी आहे. तिच्यातून पाणी आत येतं, नळीने वर चढतं, माझं तापलेलं डोकं धुतं आणि परत खाली जातं. त्यातलंच थोडं माझ्या कुशीतल्या एका भोकातून बाहेर पडतं. त्याला सगळे धार म्हणतात. धार जाड असली तर मी बरा. धार नसली तर माझं काही खरं नाही.

हे पाणी वर चढवतो एक रबराचा पंखा. तळहातावर मावेल एवढा, फुलासारख्या पाकळ्यांचा. तो माझ्या पायाच्या आत डबीत बसलेला असतो, म्हणून कुणाला दिसत नाही. दिसतो तो बाहेरचा, धातूचा, पाणी मागे सारून बोट पुढे नेणारा. तोही पंखाच. असे माझे दोन पंखे.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा हौदात उभं करून सुरू केलं होतं. धार बघून एका माणसाने माझ्या पाठीवर खडूची खूण केली आणि तो पुढच्या इंजिनाकडे वळला. झालं माझं बारसं.

पहिला मालक वाळू काढणारा. तो मला उथळ पाण्यात चालवायचा. जाळीतून बारीक वाळू आत यायची आणि रबराच्या पाकळ्या झिजवायची. पुढे त्याने माझ्याहून मोठं इंजिन घेतलं आणि मला गोणपाटाखाली भिंतीशी उभं केलं. तिथे एका गांधीलमाशीने माझ्या धारेच्या भोकात मातीचं घर बांधलं. मला बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

तिथून मला नावाड्याने नेलं. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, हा त्याचा धंदा. पहिल्या दिवशी धार येईना. त्याने सायकलच्या चाकाची तार भोकात घातली, माती पडली, धार सुटली. तो असा खूष झाला की त्यानंतर माझं काहीही दुखलं तरी तारच घालायचा. माणसांचं असंच असतं. एकदा ज्याने गुण आला, तेच औषध ती सगळ्या रोगांवर देतात.

त्याची बायको पुढे बसायची, दोर सोडायची, म्हाताऱ्यांना हात द्यायची. मी सुरू झालो की नावाडी समोर बघायचा आणि ती मागे वळून माझ्याकडे.

"धार?" तो विचारायचा.

"आहे," ती म्हणायची.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग ती म्हणायला लागली, "आहे म्हणायची."

एकदा शहरातला मिस्त्री आमच्या बोटीतून पलीकडे गेला. उतरताना एक पाय काठावर आणि एक बोटीत, अशा अवस्थेत त्याने धारेखाली हात धरला. "पाण्याचा पंखा गेलाय," तो म्हणाला. "बदलून टाका. पुढे ढकलू नका." एवढं बोलून पिशवी सावरत निघूनही गेला.

नावाड्याने विचार केला, पाण्यात फिरतो तो पाण्याचा पंखा. माझ्या बाहेरच्या पंख्याची एक कड दगडाला लागून मोडलेली होतीच. "बघ," तो बायकोला म्हणाला, "बिचाऱ्याने न वाकता ओळखलं." त्याने तो काढला आणि चकचकीत नवा बसवला. बोट पळायला लागली. उतारू म्हणाले, इंजिन तरणंताठं झालं. धार होती तशीच बारीक राहिली, पण आता तिच्याकडे बघणार कोण?

"धार?"

"नवा पंखा आहे की. काय बघायचं रोज रोज?"

मी माझ्या परीने सांगत होतो. माझ्याजवळ सांगायला ऊब तेवढीच. माझ्या झाकणाला हात लागला की माणसं हात झटकायची आणि म्हणायची, ऊन फार आहे.

मग तो दिवस आला. नावाड्याच्या सासूबाई लेकीकडे राहून आपल्या घरी निघाल्या होत्या. पुढे पाणी उडतं म्हणून त्या माझ्याजवळ बसल्या. ओहोटी लागली होती. ओहोटीला आमच्या खाडीचं पाणी मुखाकडे धावतं, आणि मुखाशी काळे खडक आहेत. तिथे बोट आपटली तर फळीही हाती लागत नाही.

निम्म्यात आलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हे असं कोरडंच असतं का?"

"काय, आई?"

"हे भोक. निघताना ठिबकत तरी होतं."

नावाड्याने वळून पाहिलं आणि तार काढली. घातली, फिरवली. काही नाही. त्याने मला बंद केलं, उचलून तिरकं केलं, खाली वाकून जाळी पाहिली. जाळीला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटला होता. "सापडला चोर," तो म्हणाला. तुकडा फेकून त्याने मला पुन्हा पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली.

तिघेही भोकाकडे बघत राहिले. पाणी आलं नाही. रंग जळल्याचा वास मात्र आला.

त्याने मला परत बंद केलं. तेवढ्या वेळात खडक जवळ आले होते. बायकोने वल्ही घेतली, पण ओढ जबर होती. नावाड्याने झाकण काढलं, बादली भरली आणि माझ्या डोक्यावर उचलली.

"थांबा," बायको म्हणाली. "कंदिलाची तापलेली काच धुवायला घेतली होती मी. आठवतंय काय झालं?"

बादली खाली आली. सासूबाईंनी शाल काढली, बुडवून पिळली आणि माझ्या अंगावर थोडी थोडी टेकवत राहिल्या, तापातल्या माणसाला पुसतात तशी.

"पंखा नवा आहे ना?" बायकोने वल्हवता वल्हवता विचारलं.

"तुझ्यासमोर बसवला."

"मग पाणी का चढत नाही?"

"अगं, पंखा पाणी चढवतो कुठे? तो तर बोट..." आणि नावाडी तिथेच थांबला.

"म्हणजे चढवणारा वेगळा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"असणार."

"आणि तो जुनाच आहे."

"असणार, आई."

त्यांनी शाल पुन्हा बुडवली.

आता पाणी येणार नाही हे कळलं होतं. मग नावाड्याने दुसरी रीत धरली. थोडं चालवायचं, माझ्यावर हात ठेववेना की बंद करायचं, शाल टेकवायची, पुन्हा थोडं चालवायचं. मधल्या वेळात बायको वल्ही मारत होती. मी प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर तापत होतो. माझ्या आत वरखाली पळणारे दट्टे फुगत होते, धातू धातूला घासत होता, पहिल्या ओढीला मी उठेनासा झालो होतो.

शेवटचा खडक तेवढा ओलांडायचा राहिला. त्याच्या पाठीमागे पाणी निवांत असतं.

"बंद करा," बायको म्हणाली. "लाल होईल ते."

नावाड्याने खडकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग सासूबाईंकडे. "आता बंद केलं तर आपण तिकडे," तो म्हणाला. मग माझ्याजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "चल बाबा."

आणि त्याने मला पूर्ण जोरात सोडलं.

मी गेलो. काय करणार, बोलावणं तसं होतं. खडक इतक्या जवळून गेला की बायकोने वल्ह्याने त्याला रेटलं. मग माझ्या आत काहीतरी घट्ट धरलं गेलं आणि सुटेना. मी जाम झालो. बोट मात्र आल्या वेगाने निवांत पाण्यात शिरली होती. पुढचं काम वल्ह्यांनी केलं.

वाळूवर उतरून सासूबाई खाली बसल्या. त्यांनी ओली शाल वाळूवर पसरली. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या वेळी मी चालत येईन."

"आई, मध्ये खाडी आहे."

"मग लांबून येईन."

मिस्त्रीने मला उघडलं तेव्हा डबीत रबराचा नुसता गाभा उरला होता. सगळ्या पाकळ्या तुटून वर नळीत गेल्या होत्या. "पंखा बदला, असं सांगितलं होतं ना मी?" तो म्हणाला. बायकोने पिशवीतून कड मोडलेला जुना धातूचा पंखा काढून त्याच्यापुढे ठेवला.

मिस्त्रीने आधी पंख्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी म्हणालो काय होतो?"

"पाण्याचा पंखा."

त्याने मान खाजवली. "आम्ही आपसात असंच म्हणतो, वहिनी," तो म्हणाला. मग चिमट्याने एकेक पाकळी काढून कागदावर गाभ्याभोवती मांडत बसला. एक कमी भरली. तो झाकण लावायला निघाला, पण तिने झाकणच मांडीवर घेतलं. शेवटी ती पाकळी माझ्या डोक्याजवळच्या वळणात सापडली.

आज मी चालतो, पण निम्म्याच जोराने. दट्ट्यांवर ओरखडे आहेत, ते जायचे नाहीत. ओहोटीला नावाडी मला पाण्यात सोडत नाही. उतारू कुरकुरतात, तो भरतीची वाट बघत बसतो. कधीतरी नवं इंजिन येईल आणि मी भिंतीशी जाईन. त्याचं मला दुःख नाही. तिघांना पलीकडे पोहोचवलं, एवढं इंजिनाला पुरे.

मागणं आहे ते जाणकारांकडे. तुमच्या हाताखालून रोज शंभर यंत्रं जात असतील, पण बोटीतल्या माणसाकडे एकच असतं आणि ते त्याने आतून कधी पाहिलेलं नसतं. तेव्हा निघायची घाई असली तरी दुसरा पाय बोटीत घ्या, वाका, आणि कुठला पंखा ते त्याला बोट ठेवून दाखवा.