चांद्याची जोडी

आता सांगा, आयुष्यभर औत ओढणाऱ्या बैलाला कोणी मातीचा ढिगारा म्हणावं काय? पण प्रणालीनं बनवलेल्या यंत्रानं म्हटलं. बरं, एकदा म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. सकाळपासून दर खेपेला तेच.

"ढिगारा?" तिचे वडील नत्थूजी भडकले. "माह्या चांद्याले ढिगारा म्हणते हे डबडं? फेक वो ते नाल्यात!"

प्रणालीला हसूही येईना. त्यांचं शेत पांढुर्ण्याजवळ, रेल्वेच्या रुळांना लागून. मागच्या वर्षी चांद्याचा जोडीदार मोत्या त्याच रुळांवर गाडीखाली आला. जोडी फुटली म्हणून, पोळ्याला गावभरच्या बैलजोड्या ज्या तोरणाखाली उभ्या राहतात, तिथं नत्थूजींनी चांद्याला नेलंच नाही. नागपूरला शिकणाऱ्या लेकीनं तेव्हापासून एकच ध्यास घेतला: रुळांवरचं जनावर लांबूनच ओळखून गाडीच्या चालकाला सावध करेल असं यंत्र करायचं.

यंत्र लेझरचा उजेड सोडायचं. तो वस्तूवर आपटून परत यायचा. जवळच्या भागावरून आधी, लांबच्या भागावरून मागून. परतलेल्या उजेडाच्या चढउतारावरून आकार कळायचा. पण यंत्राला शिकवायला रोज रुळांवर बैल कोण उभा करणार? म्हणून तिनं संगणकातच माणसं, बैल, ढिगारे, झुडपं उभी केली, त्यांच्यावर लटका उजेड सोडला आणि तो कसा परत येईल ते गणितानं काढलं. तिथं सगळं बिनचूक जमलं. तिचे सर मात्र म्हणाले, "पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत खरा बैल ओळखून दाखव. नाही तर प्रकल्पाचा विषय बदल."

म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आणि पोळा उद्यावर येऊन ठेपलेला.

संध्याकाळी खांदेमळणी होती. वर्षभर जू वाहून राठ झालेले बैलाचे खांदे त्या दिवशी हळद-तुपानं चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. नत्थूजींनी वाटी लेकीच्या हाती दिली. "घे, तूच चोळ. दिवसभर तुह्या डबड्यापुढं उभा हाये बिचारा. कुरकुर नाई का काई नाई."

खरंच की! प्रणालीला भरून आलं. ती चोळू लागली तसा चांद्या मान खाली घालून डोळे मिटून राहिला. तिचा हात खांद्यावरून वर सरकला, उंचवट्यावर गेला आणि तिथंच थांबला.

"अगं बाई! वशिंड!"

"मंग? बैलाले वशिंड रायतेच ना! काय येड्यावानी करून राहिली?"

संगणकातला तिचा बैल होता परदेशी, सपाट पाठीचा, इंटरनेटवरून आयता उतरवून घेतलेला. ज्या वशिंडाला धरून ती लहानपणी पाठीवर बसली, तेच विसरली होती! तिनं टेप आणून चांद्याला नीट मापलं. मग त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "चुकलं रे राजा माह्यं. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

रात्री तिनं संगणकातल्या बैलाला वशिंड दिलं आणि यंत्राला पुन्हा शिकवलं. सकाळी, झूल घालायच्या आधी, चांद्या यंत्रापुढं उभा राहिला. पडद्यावर अक्षरं आली: बैल. तिरपा उभा केला, तरी बैल. तिनं ते सरांना पाठवलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, "विषय बदलू नकोस."

नत्थूजींनी पडद्यावर वाकून ती अक्षरं वाचली. मग म्हणाले, "हे मागच्या साली असतं, तं मोत्या..."

"वाचला असता, बाबा."

त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, घरात गेले आणि कुंकवाचा करंडा घेऊन यंत्राकडे निघाले.

"बाबा, काचेवर नका लावू!"

त्यांनी डब्याच्या माथ्यावर बोट टेकवलं. "उचल त्याले. तोरणाखाली जायचं हाये."

"यंत्राला?"

"मंग चांद्या एकटा जाईन का? जोडी पायजे ना."

आणि गावच्या तोरणाखाली उजवीकडे चांद्या, डावीकडे कुंकू लावलेलं डबडं कडेवर घेतलेली प्रणाली, अशी जोडी उभी राहिली. लोक खो खो हसले.

"हासा लेकहो," नत्थूजी चांद्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "पुढच्या साली तुमच्या जोड्या शाबूत रायतीन ना, तवा या डबड्याच्या पाया पडसान."