टेबलाखालचा पाय

घरात आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मी भांडी घासली की थोरल्या जाऊबाई ती उजेडात धरून तपासायच्या, आणि त्यांनी केर काढला की मी मुद्दाम तोच कोपरा पुन्हा झाडायची. कारखान्यात मात्र आम्ही दोघी एकाच दिव्यापुढे चिकटून बसायचो आणि आमच्यात भांडणाचा ब्रही निघायचा नाही.

काम सोपं होतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या, मागे पांढरा दिवा. काचेत तडा किंवा बुडबुडा दिसला की बाटली उचलायची आणि आपल्या डब्यात टाकायची. दिसलं तर सोपं. जाऊबाईंच्या डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं होतं, आणि ते उतरणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. दीर अंथरुणाला खिळलेले. जाऊबाईंच्या पगाराशिवाय घर चालणार नव्हतं, आणि काच तपासायला आंधळी बाई कोण ठेवील?

म्हणून मी त्यांच्या डाव्या हाताला बसायची. बाटल्या आधी माझ्यासमोर यायच्या. माझा डबा भरत असतानाच मी एखादी वाईट बाटली मुद्दाम पुढे जाऊ द्यायची, आणि ती त्यांच्यासमोर पोचली की टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दाबायची. त्या झटकन बाटली उचलायच्या. नजर माझी, हात त्यांचा. वाईट बाटली आमच्या टेबलावरून कधी पुढे गेली नाही. उलट अख्ख्या हॉलमध्ये आमचंच टेबल पहिलं. खरं सांगायचं तर मला त्याचा माज चढला होता.

त्या माजानेच घात केला. नवे साहेब आले, बोलायला अगदी लोण्यासारखे. आमच्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "तुमचंच काम एवढं चांगलं कसं होतं हो?"

गप्प बसायचं ना! पण मी शहाणपणा पाजळला. "सोबत आहे ना साहेब. आपलं माणूस शेजारी असलं की हात आपोआप चालतो."

साहेबांना ते फारच पटलं. "मग अशी माणसं एकाच टेबलावर का ठेवायची? प्रत्येक टेबलावर एकेक हवं." जाऊबाई समोरच्या बाटल्यांकडे बघत होत्या, म्हणजे बघितल्यासारखं करत होत्या. टेबलाखाली त्यांनी माझा पाय असा दाबला की बोटं कळवळली.

घरी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?" मग माझा दंड धरून चालत राहिल्या. एरवी त्या माझा हात कधी धरत नसत.

दुसऱ्या दिवशी मला दाराजवळच्या टेबलावर बसवलं. त्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्यांच्या डाव्या हाताला एक अनोळखी पोरगी, जिने मान वर करून बघितलंही नाही. माझ्या शेजारणीही आपापसात बोलायच्या आणि मी वळले की गप्प व्हायच्या. साहेबांनी लावून दिलेली सोबत ती हीच. माझा सगळा जीव तिकडे टांगलेला. जाऊबाई अंदाजाने अधूनमधून एखादी बाटली उचलून डब्यात टाकत होत्या. चांगली की वाईट, देव जाणे. कुणी त्यांच्या डब्यात डोकावू नये एवढंच मी मनात घोकत होते.

जेवणाच्या सुट्टीआधी त्या जोरात खोकल्या. मी दचकून तिकडे बघितलं. नेमकी तेव्हाच माझ्यासमोरून एक बाटली जात होती. तळाशी केसासारखा तडा. मला दिसला होता तो, हातही उठला होता. पण मी पुन्हा वळेपर्यंत ती पुढे गेली होती.

थोड्या वेळाने पट्टा थांबला. सगळ्या टेबलांवरच्या बाटल्या जिथे एकत्र व्हायच्या, त्या पॅकिंगमधून साहेब ती बाटली हातात घेऊन आले. आवाज अजून लोण्यासारखाच. "ही कुणी जाऊ दिली?"

मी उठायला टेबलाचा आधार घेतला, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला खुर्ची सरकली.

"माझ्याकडून गेली, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. वाईट बाटली गेली म्हणजे ती त्यांच्याच हातून गेली असणार.

"नाही साहेब, माझ्याकडून!" मी ओरडले. "मी बघितलीय तिला!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "दोघींकडून कशी जाईल?" ते जाऊबाईंजवळ गेले आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "तुमची म्हणता ना? मग तडा कुठे आहे, दाखवा."

जाऊबाईंनी बाटली दिव्यासमोर धरली. अगदी तशीच, जशी घरात माझी भांडी धरायच्या. हळूहळू फिरवली. त्यांचं बोट गळ्यावर गेलं, मग पोटावर, आणि गुळगुळीत काचेवर थांबलं. तडा तळाशी होता.

माझा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला गेला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

तिकडे जाऊबाईंनी मान वळवली आणि नेहमीसारखं डावीकडे बघितलं.

"सांग ना गं," त्या म्हणाल्या.

तिथे ती पोरगी बसली होती.