शेंदराखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. सहा गोळ्यांचा, आखूड नळीचा आणि वयाच्या मानाने धडधाकट. माझा मालक कोण, एवढं मात्र विचारू नका. शंभर वर्षं झाली तरी मलाच ते नीट उमगलेलं नाही, आणि त्याचा मला भारी राग येतो.

जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं, कारण माझी उमेदीची वर्षं चामड्याच्या म्यानात गेली. तिथून कसली दुनिया दिसणार? मला आठवतात ते फक्त हात. पहिला हात खरखरीत होता. त्या हाताचा जवान बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा आणि एकटा असला की आपल्या मेंढरांना नावाने हाका मारायचा. लढाईत एके दुपारी तो हात गार पडत चालला. "घरी दे," एवढंच तो म्हणाला आणि मी त्याच्या जोडीदाराच्या, नाथाजीच्या हातात गेलो.

नाथाजी कराडजवळच्या मलकापूरचा. लढाई संपल्यावर तो मला घेऊन जतकडे गेला, पण त्या जवानाच्या घराच्या दाराला काटेरी फांद्यांची झाप लावलेली होती. माणसं मेंढरं घेऊन चारणीला लांब गेली होती. मृत्यूचा कागदही बहुधा त्याच बंद दारावरून परत गेला असावा. "पुढच्या साली येऊ," असं पुटपुटत नाथाजी माघारी फिरला. त्याच साली तापाच्या साथीत तो गेला, आणि घरात कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

मग माझी रवानगी देव्हाऱ्यात झाली. दर खंडेनवमीला मला तेल-शेंदूर, वर झेंडूचं फूल. आधीचा शेंदूर काढायचा नाही, देवाचं अंग खरवडू नये, असा त्या घरचा दंडक. थरावर थर चढत गेले. "हे आमच्या नाथाजीचं हत्यार," असं घरचे पाहुण्यांना सांगायचे. इतक्यांदा ऐकलं की मलाही तेच खरं वाटू लागलं. तो पहिला हात आपल्याला स्वप्नात दिसला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. कौतुक कुणाला नको असतं?

यंदा नाथाजीचे नातू नानासो यांनी गावच्या नव्या कमानीला आजोबांचं नाव द्यायचं ठरवलं. त्याच सुमारास परवान्यासाठी माझ्या नंबरचा स्वच्छ फोटो मागवला गेला. नानासोंचा नातू वीरधवल फौजेत आहे. तो सुटीवर आला होता. त्याने रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेतला आणि मला घासून काढलं. नंबर दिसला. त्याच्या खाली इंग्रजीत कोरलेल्या ओळीही दिसल्या: जमादार अर्जुना, जत. शौर्याबद्दल. १९१७.

"हा अर्जुना कोण रं?" नानासोंनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. वीरधवलने जतच्या एका फौजी मित्राला फोन लावला. चार दिवसांनी उत्तर आलं. अर्जुनाची नात धोंडुबाई अजून आहे, पण ना अर्जुना परतला ना कसला कागद आला, म्हणून तो लढाईतून पळून गेला असं गाव म्हणतं.

आता माझं डोकं पार गरगरलं. शूर म्हणून माझ्यावर ज्याचं नाव कोरलं, तो पळपुटा कसा? आणि नाथाजी कोण, रखवालदार की चोर?

नानासो तर हादरलेच. "शेंदूर लाव परत. कमान झाल्याबिगर कुणाला बोलायचं न्हाई," ते म्हणाले.

"आवं आबा, पल्टणीत मेलेल्या जोडीदाराची पेटी त्याच्या घरी पोचवत्यात," वीरधवल म्हणाला. "आपन शंभर वर्सं त्या पेटीवर बसलोय."

नानासो दोन दिवस जेवायला धड बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फेटा बांधला आणि म्हणाले, "गाडी काढ."

जतच्या पुढच्या त्या गावात देवळाच्या पारावर माणसं जमली. धोंडुबाई ऐंशीच्या पुढची, नजर अधू झालेली. तिने माझ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तो हातही खरखरीत होता. मला ओळख पटली की काय झालं, सांगता येत नाही, पण डोळे असते तर मला रडू आलं असतं.

"माज्या बाला जल्मभर पळपुट्याचं प्वार म्हनले," ती म्हणाली. "ह्यात काय लिवलंय, वाचा की."

नानासोंनी वाचलं. आवाज पारापुरताच होता.

"बाई, हे आमच्या आज्यानं तुमाला द्यायचं हुतं," ते म्हणाले. "ऱ्हायलं. आमी आमचंच म्हनून पूजत बसलो."

पारावरचे म्हातारे खाली बघू लागले. धोंडुबाई मात्र मान वर करून म्हणाली, "आनखी मोट्यानं वाचा. माज्या बाला ऐकाय गेलं पायजे."

नानासोंनी फेटा काढून हातात घेतला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं.

मित्रांनो, मी कोणाचा, हे मला अजूनही कळलेलं नाही. कागदावर मी नानासोंचा आहे, लोखंडावर अर्जुनाचा. पण तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यापुढे हात जोडण्याआधी ती नीट पुसा आणि तिच्यावरचं नाव वाचा. त्या नावाची वाट बघत एखादा बाप तसाच निघून गेलेला असतो.