चार महिने अडचण नाही

मी एक जुना, पत्र्याचा, बिस्किटांचा डबा आहे. झाकणाला चीर पाडून ताईंनी माझी प्रश्नपेटी केली, तेव्हा कुणाच्या पदरात काय पडणार होतं ते आधी सांगतो. वयात येणाऱ्या मुलींच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ताईंना डॉक्टरेट मिळणार होती. मुख्याध्यापिकांना प्रबंधात आभाराची एक ओळ. भंगारात जाण्यापासून माझी सुटका. आणि मुलींना उत्तरं.

मित्रांनो, मी पुष्कळ शाळा फिरलो. ताई फळ्यापाशी उभ्या राहून सांगत, "लाजायचं नाही. पाळीला पाळीच म्हणायचं. मनातलं चिठ्ठीवर लिहा, नाव लिहू नका." मुली एकमेकींना कोपरानं ढोसत, पण चिठ्ठ्या टाकत. पाहुणे मला थोपटून म्हणत, "कल्पना छान हं." पत्र्याचा असूनही मी फुगत असे.

एकदा एक चिठ्ठी पडली, चारदा दुमडलेली. 'ताई, मला चार महिने अडचण नाही.'

"चला, एक तरी सुखी आहे," ताई हसल्या, आणि ती 'तक्रार नाही'च्या गठ्ठ्यात गेली.

तीन आठवड्यांनी ताईंचं ऑफिस झाडताना मावशींना ती टेबलाखाली सापडली.

"ही कुठल्या गठ्ठ्यातली, ताई?"

"तक्रार नाही."

"एवढं शिकलात तुम्ही. अहो, घरात पाळीला अडचणच म्हणतात ना? चार महिने चुकलीय पोरीची." मावशींनी चिठ्ठी उलटली. मागे बारीक अक्षरात होतं, 'आईला सांगू नका.'

"माझी आईसुद्धा अडचणच म्हणायची," ताई कशाबशा बोलल्या. मला काखोटीला मारून, चिठ्ठी पडली होती त्याच शाळेत त्या धावल्या. वह्या चाळून अक्षर जुळवलं. अक्षर सापडलं, बाक रिकामा होता.

"ती होय? दाखला नेला तिच्या वडिलांनी, गेल्याच आठवड्यात. घरही सोडलं. कुठे गेले, कुणाला ठाऊक," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "गणितात हुशार होती हो."

ताईंनी तिला वर्षानुवर्षं शोधलं. पुढे प्रत्येक शाळेत त्या पहिला प्रश्न हाच विचारत, "तुमच्या घरी पाळीला काय म्हणतात?"

आता ताई निवृत्त झाल्या आहेत आणि मी कपाटावर गंजतो आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणी विश्वासानं चिठ्ठी दिली, तर ती दोन्ही बाजूंनी वाचा.

ताईंना डॉक्टरेट मिळाली, मुख्याध्यापिकांना आभाराची ओळ, मला कपाटावरची जागा. किंमत एकटीनं मोजली. तिचं नाव मी सांगणार नाही; नाव लिहू नका, असं आम्हीच तिला बजावलं होतं.